चेहऱ्यातली कळ: कोणती शस्त्रक्रिया, हे नसेच्या वाटेवरून ठरवा

दात घासताना, तोंड धुताना, घास चावताना किंवा नुसता गार वारा लागला तरी गालातून शॉक बसल्यासारखी कळ जाते. काही सेकंद, फार तर एक-दोन मिनिटं टिकते, थांबते आणि पुन्हा येते. या दुखण्याला ट्रायजेमिनल न्यूराल्जिया म्हणतात. गोळ्यांनी ते बराच काळ आटोक्यात राहतं. गोळ्या पुरेनाशा झाल्या आणि डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचा विषय काढला, की रुग्ण आणि घरची माणसं हमखास तीन प्रश्न विचारतात. ऑपरेशननंतर तोंड वाकडं होईल का? एमआरआयमध्ये काहीच निघालं नाही, मग ऑपरेशन कशाचं? आणि गालातून सुई घालून काम होत असेल, तर डोकं कशाला उघडायचं?

तिन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरं मिळतात ती ही नस मेंदूतून कुठून निघते, कोणत्या वाटेने चेहऱ्यापर्यंत येते आणि वाटेत तिच्या शेजारी काय काय आहे, यावरून. बहुतेक घरांत मात्र निवड खर्चावरून, दवाखान्यात किती दिवस राहावं लागेल यावरून किंवा ‘कवटी उघडणार’ या शब्दांच्या भीतीवरून होते. खर्च आणि भीती दोन्ही खरी आहेत, त्यांचा विचार करायलाच हवा. पण कळ नेमकी कुठल्या शाखेत आहे आणि बिघाड वाटेवर कुठे आहे, हे दोन मुद्दे पक्के झाल्याशिवाय ‘कोणतं ऑपरेशन चांगलं?’ या प्रश्नाला उत्तर नसतं. एकासाठी उत्तम असलेला उपाय दुसऱ्याच्या डोळ्याला धोका ठरू शकतो.

तोंड वाकडं होण्याची भीती

चेहऱ्याला दोन मुख्य नसा आहेत. स्पर्श, वेदना, थंड-गरम हे सगळं मेंदूपर्यंत नेते ती पाचवी नस, म्हणजे ट्रायजेमिनल. हसणं, डोळा मिटणं, ओठ हलवणं हे करते ती सातवी, म्हणजे फेशियल. तोंड वाकडं होतं ते सातवी नस अधू झाल्यावर. बेल्स पाल्सीत हेच घडतं. तुमची कळ पाचव्या नसेची आहे आणि शस्त्रक्रियाही तिच्यावरच होते. त्यामुळे तोंड वाकडं होणं हा या उपचाराचा नेहमीचा परिणाम नव्हे. पाचवी नस स्नायूंना चालवते ते चावण्यापुरतं, म्हणून तिला इजा झाली तर जबडा दुबळा वाटू शकतो, चेहरा मात्र ओघळत नाही.

तरीही सातव्या नसेचा विचार करावा लागतो, कारण मेंदूच्या खोडाजवळ या नसा एकमेकींच्या शेजारी आहेत. पाचवीच्या जरा खाली सातवी आणि आठवी एकत्र निघतात, आणि आठवी ऐकण्याची व तोल सांभाळण्याची नस आहे. कवटी उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत लहान मेंदू किंचित बाजूला सारावा लागतो, त्याचा ताण आठवीवर येऊ शकतो. म्हणून तोंड वाकडं होण्याइतकंच त्या बाजूच्या कानाबद्दल विचारा. दुसऱ्या कानाने आधीच कमी ऐकू येत असेल, तर ही गोष्ट निर्णय फिरवण्याइतकी मोठी आहे. ती पहिल्याच भेटीत सांगा.

कळ कुठल्या शाखेत आहे, हे आधी नोंदवा

पाचवी नस कवटीच्या तळाशी असलेल्या गाठीपाशी तीन शाखांत विभागते आणि प्रत्येक शाखा वेगळ्या वाटेने बाहेर पडते.

- पहिली शाखा: कपाळ, वरची पापणी, डोळ्याचं बुबुळ, नाकाचा शेंडा.
- दुसरी शाखा: खालची पापणी, गाल, नाकाची बाजू, वरचा ओठ, वरचे दात आणि हिरड्या.
- तिसरी शाखा: खालचा जबडा, हनुवटी, खालचा ओठ, खालचे दात, जिभेच्या पुढच्या भागाचा स्पर्श, कानाच्या पुढचा भाग.

बहुतेकांची कळ दुसऱ्या किंवा तिसऱ्या शाखेत असते. फक्त पहिल्या शाखेत कळ येणारे रुग्ण थोडे. आठ-दहा दिवस एका कागदावर चेहऱ्याचं साधं चित्र काढून कळ कुठून सुरू होते, कुठे जाते, कशाने चाळवते आणि किती टिकते हे लिहा. ‘अर्धा चेहरा दुखतो’ एवढंच सांगितलं तर डॉक्टरांना निम्मी माहिती मिळते.

ही नोंद दातांच्या बाबतीतही उपयोगी पडते. दुसरी आणि तिसरी शाखा दातांनाच जाते, त्यामुळे बिघाड नसेच्या मुळाशी, मेंदूच्या खोडाजवळ असला तरी मेंदूला दाढ दुखल्यासारखंच कळतं. पुष्कळ रुग्णांच्या एक-दोन चांगल्या दाढा अशाच जातात. एक्स-रेमध्ये दात निरोगी दिसत असेल आणि कळ विजेसारखी येऊन जात असेल, तर दाढ काढण्याआधी न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. काढलेली दाढ परत येत नाही आणि कळही थांबत नाही.

काही दुखणी याच जागी येतात, पण त्यांची चिकित्सा निराळी असते. नागीण होऊन गेल्यावर कपाळात राहणारी जळजळ, गिळताना घशात आणि कानात येणारी कळ, सायनसचं दुखणं, दिवसभर एकसारखा राहणारा ठणका. यांपैकी कशाचाही संशय असेल तर शस्त्रक्रियेची घाई करू नका. एकसारख्या ठणक्यावर शस्त्रक्रियेचा गुण तुलनेने कमी येतो, हे आधीच समजून घ्या.

मुळाशी बिघाड असेल तर: नसेवरची रक्तवाहिनी दूर करणं

मेंदूच्या खोडातून निघताना पाचव्या नसेचं आवरण बदलतं. सुरुवातीच्या काही मिलिमीटरपर्यंत ते मेंदूच्या पेशींनी बनवलेलं असतं, पुढे बाहेरच्या नसांसारखं होतं. हा सांधा नाजूक. तिथे एखादी धमनी, बहुतेक वेळा सुपीरियर सेरेबेलर धमनी, वळण घेऊन टेकली आणि वर्षानुवर्षं नाडीच्या प्रत्येक ठोक्याला आपटत राहिली, की आवरण झिजतं. वायरचं प्लास्टिक उडाल्यावर तारांमध्ये ठिणगी पडावी, तसा स्पर्शाचा साधा संदेश वेदनेच्या तंतूंत उडी मारतो. ब्रश हिरडीला लागला तरी कळ का येते, याचं हे कारण.

इथे शस्त्रक्रिया म्हणजे कारण दूर करणं. अमेरिकी सर्जन वॉल्टर डँडी यांनी नसेला टेकलेल्या धमन्या विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच पाहिल्या होत्या. पीटर जॅनेटा यांनी १९६७ पासून सूक्ष्मदर्शकाखाली त्या बाजूला करण्याची पद्धत बसवली. तिला मायक्रोव्हॅस्क्युलर डीकम्प्रेशन म्हणतात. कानामागे दोन-तीन सेंटीमीटरचं छिद्र करतात, मेंदूभोवतीचं पाणी हळूहळू काढून जागा करून घेतात आणि लहान मेंदूच्या कडेने मुळापर्यंत पोहोचतात. सूक्ष्मदर्शकाखाली धमनीचं वळण नसेत रुतलेलं, त्या जागी नस चपटी झालेली दिसते. सर्जन ते वळण सोडवून वर उचलतो आणि मध्ये टेफ्लॉनचे छोटे पुंजके बसवतो. नस कापायची नसते, म्हणून चेहऱ्याची जाणीव बहुधा टिकते.

पुरावा काय? १९९६ साली जॅनेटा यांच्या गटाने ११८५ रुग्णांचा दीर्घ पाठपुरावा प्रसिद्ध केला. दहा वर्षांनंतर सुमारे ७० टक्के रुग्ण गोळ्यांशिवाय कळमुक्त होते. सुमारे १ टक्का रुग्णांचं त्या बाजूचं ऐकणं गेलं आणि ०.२ टक्के रुग्ण शस्त्रक्रियेनंतर लगेच दगावले. हे आकडे अत्यंत अनुभवी केंद्राचे आहेत, म्हणून आपल्या सर्जनला ‘तुमच्याकडे वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया होतात आणि निकाल काय?’ असं नम्रपणे, पण थेट विचारा. त्याच पाहणीत आठ वर्षांहून जास्त काळ दुखणं अंगावर काढलेल्यांत आणि धमनीऐवजी शीर टेकलेल्यांत कळ परत येण्याची शक्यता अधिक आढळली. ‘अगदीच सहन होईना तेव्हा बघू’ हा सल्ला प्रेमाने दिला जातो, पण त्यामुळे चांगली संधी निसटू शकते. युरोपातल्या न्यूरॉलॉजी अकादमीच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनाही धमनीचा दाब स्पष्ट असलेल्या रुग्णांसाठी शस्त्रक्रियांमध्ये हीच पहिली मानतात.

एमआरआयचा अहवाल वाचताना

साध्या एमआरआयमध्ये ही जागा नीट दिसत नाही. नसेच्या मुळासाठी पातळ कापांचा खास अभ्यास लागतो. सीआयएसएस किंवा फिएस्टा ही त्याची प्रचलित नावं, आणि जोडीला धमन्यांचा अँजिओग्राम. फॉर्मवर ‘ट्रायजेमिनल नसेसाठी’ असं लिहून घेतलं नाही, तर ‘मेंदू नॉर्मल’ असा अहवाल येतो आणि तुम्ही गोंधळता.

उलट बाजूही ध्यानात ठेवा. कधीच कळ न आलेल्या माणसांतही धमनी नसेला टेकलेली दिसू शकते. म्हणून ‘रिपोर्टमध्ये रक्तवाहिनी आहे, करून टाका’ हा सल्ला अपुरा आहे. निदान तुमच्या लक्षणांवरून होतं. एमआरआय फक्त दोन गोष्टी सांगतो. धमनी नुसती टेकली आहे, की तिने नस वाकवली, चपटी केली आहे? आणि ट्यूमर किंवा मल्टिपल स्क्लेरोसिससारखं दुसरं कारण आहे का? रुग्ण तरुण असेल, कळ दोन्ही बाजूंना येत असेल किंवा चेहरा आधीच बधिर असेल, तर दुसऱ्या कारणाचा शोध कसून घ्यावा लागतो. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये बिघाड खोडाच्या आत असतो. तिथे बाहेरची धमनी हलवून मिळणारा फायदा कमी, म्हणून अशा रुग्णांसाठी सहसा सुईचे उपाय किंवा किरणोपचार सुचवले जातात.

सुईचे उपाय सोपे वाटतात, पण ते नसेला मुद्दाम इजा करतात

ओठांच्या कोपऱ्यापासून साधारण अडीच-तीन सेंटीमीटर बाहेर गालावर सुई टोचतात. एक्स-रे पाहत पाहत ती गालाच्या स्नायूंतून वर नेतात आणि कवटीच्या तळाच्या अंडाकृती छिद्रातून, फोरामेन ओव्हालेतून, आत घालतात. हे छिद्र तिसऱ्या शाखेची बाहेर पडायची वाट आहे. म्हणून सुईला आधी तिसऱ्या शाखेचे तंतू लागतात, आणखी आत दुसरीचे, सर्वांत आत पहिलीचे. त्याच परिसरात मेंदूला रक्त पुरवणारी कॅरोटिड धमनी आहे. काही मिलिमीटरने काय साधतं आणि काय बिघडतं, ते यावरून समजेल.

रेडिओफ्रीक्वेन्सीत सुईच्या टोकाला उष्णता देऊन तंतू जाळतात. रुग्णाला थोडा वेळ झोपवून सुई बसवतात, मग जागं करतात आणि सौम्य विद्युतप्रवाह सोडून विचारतात: मुंग्या हनुवटीत येतात की वरच्या ओठात? तुमच्या उत्तरावरून सुई पुढे-मागे केली जाते. हवी ती शाखा लागली की पुन्हा झोपवून उष्णता देतात आणि नंतर टाचणी लावून बधिरपणा तपासतात. म्हणजे या उपायात रुग्णाची साथ लागते. बंगळुरू, हैदराबाद किंवा दिल्लीत उपचार घेणाऱ्या आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांना फक्त मराठी येत असेल, तर त्या वेळी मराठी समजणारं कोणी आत असेल याची सोय आधीच करून घ्या. कानाचं यंत्र वापरत असतील तर तेही सांगून ठेवा.

दुसरी किंवा तिसरी शाखा असेल तर ही पद्धत नेमकी ठरते. पहिल्या शाखेत मात्र सावध राहा. बुबुळाला काही लागल्याची खबर पाचवी नस देते आणि पापणी मिटते सातवी. खबरच गेली नाही तर कचरा डोळ्यात राहतो, रुग्णाला दुखत नाही आणि बुबुळावर जखम होऊन दृष्टी जाऊ शकते. फुगा घालून नस दाबण्याच्या पद्धतीत जाड तंतूंना इजा जास्त होते आणि बुबुळाचे बारीक तंतू तुलनेने वाचतात, म्हणून पहिल्या शाखेसाठी तिचा विचार होतो. ती पूर्ण भूल देऊन करतात. काही आठवडे-महिने चावायला जड जाऊ शकतं, आणि फुगा फुगवताना नाडी एकदम मंदावू शकते, त्यामुळे हृदयविकार असेल तर भूलतज्ज्ञाला आधी सांगा. गाठीभोवती ग्लिसरॉल सोडण्याची तिसरी पद्धतही आहे. बधिरपणा कमी येतो, पण कळ परतण्याचं प्रमाण जास्त.

या सर्वांत आराम बहुधा लगेच मिळतो, पण काही वर्षांत कळ परत येणं नेहमीचं आहे. बधिरपणा हा अपघात नसून उपायाचाच भाग आहे. बहुतेकांना तो चालतो, ‘त्या कळेपेक्षा बरा’ असं ते म्हणतात, आणि ते खरंही आहे. पण थोड्या रुग्णांना बधिर झालेल्या भागातच सतत वेदना राहते. तिच्यावर उपचार अवघड असतात आणि नसेला वारंवार इजा केली तर तिचा धोका वाढतो. दुसऱ्या-तिसऱ्यांदा सुई घालण्याचं ठरलं तर हा मुद्दा स्वतःहून काढा.

गामा नाइफमध्ये सुई नाही, छेद नाही. किरण नसेच्या मुळावर एकवटतात. परिणाम दिसायला काही आठवडे ते महिने लागतात, तोवर गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. रोज दहा-वीस वेळा कळ येणाऱ्या, घोटभर पाणीही न पिऊ शकणाऱ्या रुग्णासाठी ही वाट लांबची आहे. भूल देणं धोक्याचं आहे किंवा रक्त पातळ करणारं औषध बंद करता येत नाही, अशांना ती योग्य.

‘वय झालं, आता डोकं कशाला उघडायचं?’

हा आक्षेप घरात सर्वांत जोरात मांडला जातो, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. निर्णय जन्मतारखेवर होत नाही. हृदय, फुप्फुसं, साखर आणि भूल सोसण्याची ताकद यांवर होतो. सत्तरीतला धडधाकट माणूस डीकम्प्रेशन सहन करू शकतो आणि पन्नाशीतल्या हृदयरुग्णाला ते नको असू शकतं. सुईचा उपाय लहान वाटतो तो त्या दिवसापुरता. पुढच्या दहा वर्षांत तो किती वेळा करावा लागेल आणि प्रत्येक वेळी किती बधिरपणा साचेल, याचा हिशेब मांडला तर चित्र बदलतं. पण आयुष्याची दहा वर्षं मोजण्यात अर्थ नसेल, प्रकृती नाजूक असेल, तर तोच हिशेब सुईच्या बाजूने जातो.

गोळ्यांचंही आधी बघा. कार्बामाझेपिन हे पहिलं औषध. पुरेशा मात्रेत, पुरेसे दिवस घेऊनही गुण नाही किंवा झोप, चक्कर, रक्तातलं सोडियम कमी होणं यांमुळे घेता येत नाही, असं झाल्यावर शस्त्रक्रियेचा विचार करावा. अंगावर पुरळ किंवा तोंडात फोड आले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. काही आशियाई समाजांत आढळणाऱ्या एचएलए-बी १५०२ या जनुकामुळे त्वचेची गंभीर प्रतिक्रिया येऊ शकते. औषध सुरू करण्याआधी या चाचणीबद्दल विचारा. आणि कळ थांबली म्हणून गोळी एकदम बंद करू नका.

संमतीपत्रावर सही करण्याआधी

- माझी कळ कुठल्या शाखेत आहे आणि या उपायात ती शाखा कशी गाठणार?
- बुबुळाची जाणीव जाण्याचा धोका किती?
- शस्त्रक्रियेत ऐकण्याच्या नसेवर यंत्राने लक्ष ठेवणार का?
- कवटी उघडल्यावर नसेवर रक्तवाहिनी सापडलीच नाही, तर काय करणार?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी विचारला जाणारा. अशा वेळी काही सर्जन नसेचा थोडा भाग कापतात किंवा तिचे तंतू उभे वेगळे करतात. दोन्हींत बधिरपणा येऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या निकालात स्पष्ट केलं आहे, की एका प्रक्रियेला दिलेली संमती दुसऱ्या प्रक्रियेला लागू होत नाही. जिवाला तातडीचा धोका असेल तेवढाच अपवाद. तेव्हा ‘रक्तवाहिनी न मिळाल्यास नस कापावी’ किंवा ‘कापू नये’ हे तुमच्या शब्दांत, तुम्हाला समजणाऱ्या भाषेत लिहून घ्या.

दुसरं मत घेण्याचा तुम्हाला हक्क आहे आणि त्याने डॉक्टरांचा अपमान होत नाही. त्यासाठी एमआरआयची फक्त फिल्म नव्हे, सीडी मागा. मुळाजवळची धमनी संगणकावर काप पुढे-मागे करूनच पाहता येते. वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत कागदपत्रं द्यावी लागतात. महाराष्ट्रात शुश्रूषागृहांसाठी २०२१ मध्ये केलेल्या नियमांप्रमाणे रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. खर्चाचा अंदाज लेखी घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमची प्रक्रिया बसते का, हे योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला विचारा. मुंबईचं केईएम, पुण्याचं ससून आणि गोव्यात बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज यांसारख्या सरकारी व पालिका रुग्णालयांत मेंदू शस्त्रक्रियेचे विभाग आहेत. मोठ्या खासगी बिलापुढे हतबल होण्याआधी तिथेही दाखवा.

घरी परतल्यावर

डीकम्प्रेशननंतर नाकातून किंवा कानामागच्या टाक्यांतून पाण्यासारखा पातळ स्राव आला, ताप आला, मान ताठरली किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठा. सुईच्या उपायानंतर बधिर बाजूने गरम चहा-आमटी पिताना जपा आणि रोज आरशात गालाची आतली बाजू पाहा. दातांखाली गाल चावला गेला तरी कळत नाही. कपाळ किंवा डोळ्याची बाजू बधिर असेल तर बाहेर जाताना चष्मा लावा, डोळे चोळू नका, आणि डोळा लाल झाला तर तो दुखत नसला तरी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा.